आवाज टिपणाऱ्यांची कुळकथा

एडिसनचा फोनोग्राफ 1877 सालचा. तेरा वर्षांनी जेसी फ्यूक्स यांनी तो अमेरिकेतल्या मेन राज्यात पासामाक्वॉडी आदिवासींकडे नेला आणि त्यांची गाणी-कहाण्या मेणाच्या नळकांड्यांवर उतरवल्या. आवाजाच्या मुलखात जाऊन आवाज टिपायची परंपरा तिथून चालत आली. यंत्र मात्र पाहुण्याच्या हातात राहिलं. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणासाठी 1913 ते 1929 दरम्यान भारतीय भाषांच्या तबकड्या निघाल्या, त्यांतही माणसांना बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट सांगायला लावली होती. बोली त्यांची, गोष्ट साहेबाची!

दुसरीकडे, 1948 मध्ये पॅरिसला संगीतकार पिएर शेफर यांनी आगगाड्यांच्या आवाजांतून संगीतरचना केली आणि यंत्राचा गोंगाटही संगीत म्हणून ऐकण्याजोगा ठरला.

मला यातलं सर्वांत मोलाचं वळण आपल्याकडचं वाटतं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं काम हाती घेतलं. ओव्या गोळा करणाऱ्यांत गावोगावच्या बायाच होत्या. कुणाच्या ओठी काय आहे, कुठल्या दुःखावर कुठली ओवी येते, हे त्यांना ठाऊक होतं. लाखाहून अधिक ओव्या जमल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या अनेक त्या बायांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. तोवर घरोघरची जाती थांबू लागली होती. आज ध्वनिमुद्रणाची गावपातळीवरची कार्यशाळा घ्यायची, तर हेच तिचं खरं कूळ.

यंत्रमागांच्या भिवंडीत अशी कार्यशाळा घ्यायची वेळ आता आली आहे. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथे येऊन पुन्हा चालले. मागाचा धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे फेकला जातो. धोट्यावर बसणारा तडाखा, पेटीत त्याचं आदळणं, फणीचा ठोका असे तीन आवाज एकमेकांत मिसळतात. या आवाजाने कामगारांचे कान जातात, हेही ध्वनिमुद्रणासोबत नोंदलं पाहिजे. मागांवर भोजपुरी आणि तेलुगू बोलणारी माणसं आहेत, भोवतालच्या आगरी गावांत लग्नाचे धवले म्हणणाऱ्या धवलारिणी आहेत. धोट्याविना चालणारे रॅपियर माग वाढले की जुना ठेका जाईल. गोदामांनी या गावांची बरीच शेतं तर केव्हाच गिळली.

ध्वनिमुद्रणाला खिशातला फोनही पुरतो. भिवंडीच्या शाळांनी, वाचनालयांनी एवढं करावं: फोन मागवाल्याच्या, धवलारिणीच्या हाती द्यावा आणि काय टिपायचं ते त्यांनाच ठरवू द्यावं.