चवीचा न्याय कोणाचा? घरगुती बिअर-आस्वादन आणि क्राफ्ट बिअर चळवळ : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

खाद्यपेयांचा इतिहास लिहिताना उत्पादन, व्यापार आणि करआकारणी या बाबींचा विचार प्रामुख्याने केला जातो. पदार्थ चांगला की वाईट हे ठरविण्याचा अधिकार कोणत्या काळी कोणाकडे होता, हा प्रश्न त्या मानाने मागे राहतो. बिअर या पेयाच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. लहान कारखान्यात, मर्यादित प्रमाणात आणि वेगवेगळ्या चवींनी तयार होणारी बिअर ‘क्राफ्ट बिअर’ या नावाने ओळखली जाते. चार-सहा मित्र किंवा घरातील प्रौढ मंडळी एकत्र बसतात, अशा काही बिअर थोड्या थोड्या चाखतात, त्यांचा वास, रंग आणि चव यांची नोंद करतात व त्यांना गुण देतात, ही प्रथा अमेरिका व ब्रिटनमध्ये आज रूढ झालेली आहे. वरवर पाहता हा फावल्या वेळचा छंद वाटतो. तथापि या छंदामागे कायदा, विज्ञान आणि ग्राहक-चळवळ यांचा मोठा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) बिअरची गुणवत्ता ठरविण्याचा अधिकार इंग्लंड व अमेरिकेच्या इतिहासात कोणाकडून कोणाकडे गेला, हे पाहणे.
२) घरगुती बिअरनिर्मितीला मिळालेली कायदेशीर मान्यता आणि आस्वादनाची प्रथा यांचा परस्परसंबंध तपासणे.
३) मित्र व कुटुंबीयांच्या मंडळात होणाऱ्या परीक्षणाचे सामर्थ्य व मर्यादा स्पष्ट करणे.

शासकीय चवपरीक्षक :

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ‘एल’ हे सातूपासून बनणारे पेय रोजच्या आहाराचा भाग होते. ते बहुतांशी घरीच आणि मुख्यतः स्त्रियांच्या हातून तयार होत असे. त्या एलमध्ये हॉप्स ही वेलीवरची कडवट फुले नसत. त्यामुळे ते फार दिवस टिकत नसे. घरात लागेल तेवढे ठेवून उरलेले एल शेजाऱ्यापाजाऱ्यांना विकले जाई. अर्थात तेथे निर्माती, विक्रेती आणि परीक्षक ही सारी माणसे एकाच गावची व एकमेकांच्या ओळखीची असत.

इ.स. १२६६ च्या सुमारास, तिसऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीत, पाव आणि एल यांच्या विक्रीवर नियंत्रण आणणारा कायदा अमलात आला. धान्याच्या भावानुसार एलचा भाव ठरू लागला. गावोगावी एल चाखून त्याचा दर्जा व माप तपासणारे अधिकारी नेमले गेले. हे पद अप्रतिष्ठेचे नव्हते. नाटककार शेक्सपिअरचे वडील जॉन शेक्सपिअर यांची इ.स. १५५६ मध्ये स्ट्रॅटफर्ड येथे याच पदावर निवड झाली होती. एल चांगले की वाईट हे शेजारीण आता नुसते बोलून दाखवीत नव्हती. गावाने नेमलेला माणूस त्यावर निर्णय देत होता आणि नियम मोडणाऱ्यास दंड होत होता. प्रत्यक्षात हा दंड इतका नियमित झाला, की त्याला परवाना शुल्काचेच स्वरूप आले. इतिहासकार ज्युडिथ बेनेट यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, १३०० ते १६०० या काळात हॉप्सयुक्त बिअरचा प्रसार, भांडवलाची वाढती गरज आणि व्यवसायाचे संघटन यांमुळे स्त्रिया या व्यवसायातून हळूहळू बाहेर फेकल्या गेल्या. घर हे बिअरच्या निर्मितीचे आणि पारखीचे केंद्र राहिले नाही.

प्रयोगशाळेचा अधिकार :

अठराव्या शतकापासून दर्जा ठरविण्याचे काम जिभेकडून उपकरणाकडे जाऊ लागले. जॉन रिचर्डसन यांनी इ.स. १७८४ मध्ये आपल्या ग्रंथाद्वारे द्रवातील साखरेचे प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाचा पुरस्कार केला. लुई पाश्चर यांचा बिअरविषयीचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८८३ मध्ये शुद्ध यीस्ट वेगळे करून वाढविण्यात यश मिळविले. डब्लिनच्या गिनेस कारखान्यातील विल्यम गॉसेट यांनी थोड्या नमुन्यांवरून विश्वासार्ह अनुमान काढण्याची पद्धत १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडली. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेली ‘टी-चाचणी’ तीच होय.

या प्रगतीमुळे बिअर एकसारखी आणि टिकाऊ झाली. नासलेल्या पिंपांचे नुकसान कमी झाले. हा लाभ लहान नाही. मात्र त्याची दुसरी बाजूही होती. चव ठरविणारे तज्ज्ञ कारखान्याच्या आत होते, तर पिणारा बाहेर होता. विकत घेणे किंवा न घेणे एवढाच निर्णय त्याच्या हाती उरला. कारखान्यांचे एकत्रीकरण होत गेल्यावर हा निर्णयही नाममात्र ठरला. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस बिअरचे कारखाने शंभराच्या आत आले होते आणि बाजारातील बहुतेक बिअर एकाच फिकट, सौम्य लागर प्रकाराची होती. निवडीलाच वाव नसेल तर पारखीला अर्थ उरत नाही.

ब्रिटनमधील ग्राहक-चळवळ :

या स्थितीविरुद्धची पहिली संघटित प्रतिक्रिया ब्रिटनमध्ये उमटली. तेथे १८८० पासून घरी बिअर बनविण्यास परवाना लागत असे. अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये ही अट रद्द केली. त्यानंतर १९७१ मध्ये चार तरुण मित्रांनी आयर्लंडमधील सहलीत एक संघटना स्थापन केली. पारंपरिक, पिंपातच मुरणाऱ्या एलचे रक्षण करणे हा तिचा हेतू होता. ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ अर्थात ‘कॅमरा’ या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. कोणत्या मद्यगृहात चांगले एल मिळते याची नोंद सामान्य सभासदांनी स्वतः चाखून करावयाची आणि त्यावरून दरवर्षी मार्गदर्शिका प्रसिद्ध करावयाची, ही तिची कार्यपद्धती होती. मध्ययुगीन चवपरीक्षकाचे काम येथे ग्राहकाने स्वेच्छेने स्वतःकडे घेतलेले दिसते.

याच काळात मायकेल जॅक्सन या इंग्रज पत्रकाराचा जगभरातील बिअरचा परिचय करून देणारा ग्रंथ १९७७ मध्ये प्रकाशित झाला. बिअरचे प्रकार, त्यांची जन्मस्थाने आणि लक्षणे यांची त्याने केलेली मांडणी पुढील परीक्षकांना आधारभूत ठरली. बिअर ‘आवडली’ किंवा ‘आवडली नाही’ यापलीकडे, ती आपल्या प्रकाराशी कितपत प्रामाणिक आहे हा प्रश्न त्यामुळे विचारता येऊ लागला.

अमेरिकेतील कायदा आणि कुटुंब :

मित्र व कुटुंबीयांसह होणाऱ्या आस्वादनाचा खरा पाया अमेरिकेत घातला गेला. तेथील दारूबंदी १९२० ते १९३३ या काळात होती. ती उठल्यानंतर घरी द्राक्षमद्य बनविण्यास मोकळीक राहिली. घरगुती बिअरला मात्र ती मिळाली नाही. ही उणीव भरून निघण्यास पंचेचाळीस वर्षे जावी लागली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी संबंधित विधेयकावर स्वाक्षरी केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून ती तरतूद लागू झाली. त्यानुसार एक प्रौढ व्यक्ती असलेल्या घरात वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३७८ लिटर) व दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरात २०० गॅलन बिअर करमुक्त बनविता येते. ही बिअर वैयक्तिक किंवा कौटुंबिक उपयोगासाठी असावी, ती विकता कामा नये, अशी अट आहे.

येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, कायद्याने मोजमापासाठी कारखाना किंवा व्यक्तीऐवजी ‘घर’ हा घटक धरला. दुसरी, विक्री निषिद्ध असल्याने घरगुती बिअरला वाटून घेण्याखेरीज अन्य मार्ग उरला नाही. जे विकता येत नाही त्याची किंमत बाजार ठरवू शकत नाही. ते चाखणाऱ्यांच्या मतावरच ठरते. परीक्षणाची गरज अशा रीतीने कायद्याच्या रचनेतूनच निर्माण झाली. ही गरज ओळखून संघराज्याच्या नियमांत, घरी बनविलेली बिअर आस्वादन-मेळावे व स्पर्धांसाठी घराबाहेर नेण्यासही परवानगी देण्यात आली.

राज्यांचे कायदे मात्र वेगळे होते. ओरेगन राज्यातील घटना या दृष्टीने बोलकी आहे. राज्याच्या कायद्याचा काटेकोर अर्थ लावता घरगुती बिअर ज्या घरात बनली तेथेच प्यावी लागते, अशी भूमिका घेतली गेल्यामुळे २०१० मध्ये तेथील राज्य जत्रेतील घरगुती बिअरची स्पर्धा रद्द करावी लागली. त्या अर्थानुसार मित्राकडे बाटली घेऊन जाणेदेखील बेकायदेशीर ठरत होते. पुढील वर्षी विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली. मिसिसिपी व अलाबामा या राज्यांत तर घरगुती बिअरला मान्यता मिळण्यास २०१३ हे वर्ष उजाडले. मित्रांसमवेत एक पेला चाखणे ही सहज गोष्ट वाटली, तरी ती किती अलीकडच्या कायदेशीर हक्कावर उभी आहे, हे यावरून दिसून येते.

गुणपत्रिका आणि चवीची भाषा :

चार्ली पपेझियन व चार्ली मॅट्झेन यांनी १९७८ मध्ये कोलोरॅडोतील बोल्डर येथे घरगुती बिअर बनविणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९८५ मध्ये परीक्षकांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देणारा ‘बीजेसीपी’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या रूढ गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असून वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण दिले जातात. डोळ्यांना भुलविणाऱ्या रूपाला केवळ तीन गुण असावेत, ही बाब बोलकी आहे.

या गुणपत्रिकेचे महत्त्व गुणांपेक्षा शब्दांत आहे. परीक्षकाने दोष केवळ दाखवावयाचा नसून त्याचे कारण ओळखावयाचे असते. लोण्यासारखा वास आला तर यीस्टला आपले काम पुरे करण्यास अवधी मिळाला नसावा, हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कोवळी असावी, ओल्या पुठ्ठ्याची चव लागली तर तिचा प्राणवायूशी संपर्क आला असावा, असे अनुमान केले जाते. हिरव्या वा पारदर्शक बाटलीतील बिअर उन्हात राहिल्यास हॉप्समधील घटकांमुळे तिला उग्र दर्प येतो. हे ज्ञान पूर्वी कारखान्यातील रसायनशास्त्रज्ञांपुरते मर्यादित होते. मॉर्टन मेलगार्ड यांनी १९७० च्या दशकात तयार केलेल्या ‘चव-चक्रा’मुळे त्याला समान परिभाषा मिळाली आणि घरगुती मंडळांमुळे ती परिभाषा स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. यातूनच अनेक हौशी मंडळी पुढे व्यावसायिक झाली. १९८० मध्ये सिएरा नेवाडा हा कारखाना सुरू करणारे केन ग्रॉसमन हे मूळचे घरगुती बिअर बनविणारेच होते. अमेरिकेतील कारखान्यांची संख्या आज नऊ हजारांच्या वर गेली आहे.

आप्तमंडळातील परीक्षणाच्या मर्यादा :

या प्रथेचे मूल्यमापन करताना तिच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करता येत नाही. मित्राने महिनाभर खपून बनविलेल्या बिअरला त्याच्याच घरी बसून कमी गुण देणे अवघड असते. स्नेह आणि न्याय यांचा हा जुना पेच आहे. त्यावर उपाय म्हणून नाव झाकून, केवळ क्रमांक दिलेल्या पेल्यांतून चाखण्याची पद्धत स्वीकारली गेली. तीन पेल्यांपैकी दोन सारखे व एक वेगळा ठेवून तो ओळखावयास सांगण्याची ‘त्रिकोणी चाचणी’ही घरी सहज करता येते. सौम्य बिअर आधी व तीव्र नंतर, प्रत्येक नमुना घोट-दोन घोटांचाच, मध्ये पाणी व साधा पाव, आणि सर्वांचे लिहून झाल्याखेरीज कोणी मत बोलावयाचे नाही, हे संकेतही त्याच हेतूने रूढ झाले. पहिल्याने मोठ्याने ‘उत्तम’ म्हटले की इतरांची जीभही तसेच सांगू लागते, हा अनुभव त्यामागे आहे.

परीक्षण सार्वजनिक झाले तेव्हा वेगळे प्रश्न उद्भवले. २००० मध्ये सुरू झालेल्या ‘रेटबिअर’ या गुणदान-संकेतस्थळावर हौशी लोकांनी अक्षरशः लाखो नोंदी केल्या. त्यांत तीव्र व दुर्मीळ बिअरला झुकते माप मिळे, तर साध्या लागरला गुण कमी पडत. पुढे जगातील सर्वांत मोठ्या बिअर कंपनीची त्यात गुंतवणूक असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले, २०१९ मध्ये संपूर्ण मालकीच तिच्याकडे गेली आणि २०२५ मध्ये ते बंद झाले. ज्यांच्याविषयी निर्णय द्यावयाचा, त्यांच्याच हाती निर्णयाचे दफ्तर गेले. घरातील वहीत लिहिलेली नोंद मात्र घरातच राहते.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याची चौकट आजही लागू असून मद्यसेवनासाठी वैयक्तिक परवान्याची तरतूद आहे. अमेरिकेप्रमाणे घरी बिअर बनविण्याची मुभा येथे नाही. साहजिकच क्राफ्ट बिअरचा प्रवेश घरातून न होता व्यवसायातून झाला. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ हा लघु बिअर-कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर पुणे व मुंबई येथे असे अनेक उपक्रम निघाले. तेथे मित्रमंडळी लहान पेल्यांतून निरनिराळे नमुने चाखतात. परंतु तेथे पारख करणारा हा ग्राहकच असतो, स्वतः बनविणारा नसतो. हातात यीस्ट न धरलेल्या परीक्षकाला दोष जाणवेल, त्याचे कारण सांगता येईलच असे नाही. इंग्लंड-अमेरिकेचा अनुभव आणि येथील अनुभव यांतील हा मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो.

निष्कर्ष :

१) बिअरच्या दर्जाचा निर्णय शेजार, शासकीय परीक्षक, प्रयोगशाळा आणि पुन्हा घरगुती मंडळ अशा क्रमाने फिरला आहे. मात्र परत आलेले घर पूर्वीचे राहिलेले नाही. प्रयोगशाळेची परिभाषा त्याने आत्मसात केली आहे.
२) अमेरिकेतील १९७८ च्या कायद्याने विक्रीस मनाई करून वाटून घेण्यास वाव दिला आणि त्यातून परीक्षणाची संस्कृती वाढीस लागली.
३) क्राफ्ट बिअरमधील वैविध्याचे श्रेय केवळ उद्योजकांना देता येत नाही. दोष ओळखणारी व त्याला नाव देणारी जाणकार मंडळे आधी तयार झाली, हे त्यामागचे एक प्रमुख कारण आहे.
४) आप्तांचे परीक्षण निःपक्षपाती असतेच असे नाही. तथापि नाव झाकून चाखणे व आधी लिहून मग बोलणे या साध्या शिस्तीने ते विश्वासार्ह होऊ शकते.

आपण जे खातो-पितो त्याची पारख करण्याचा अधिकार एकदा दुसऱ्याच्या हाती गेला की तो सहजासहजी परत मिळत नाही. घराघरांतील लहान मंडळांनी तो कायदा, परिभाषा आणि शिस्त यांच्या बळावर काही अंशी परत मिळविला, हेच या इतिहासाचे सार होय.