वाकून परत सरळ होणारी तार

चष्म्याची 'न मोडणारी' दांडी कधी वाकवून पाहिलीय? सोडली की परत सरळ! तो निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू, निटिनॉल. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला. शनिवारी त्याच्याबद्दल वाचता वाचता मी थेट इटलीतल्या असिसीला पोचलो.

२६ सप्टेंबर १९९७. रात्री अडीचच्या सुमारास भूकंप झाला. रात्री सर्व्हर पडला की सकाळी आपण लॉग बघतो ना, तसेच काही जण नुकसान पाहायला संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये शिरले. तेवढ्यात दुसरा धक्का बसला आणि छताची कमानच खाली आली. चौघे गेले.

दुरुस्तीत प्रश्न आला, त्रिकोणी भिंती छताला बांधायच्या कशा? पोलादाने घट्ट आवळल्या तर धक्क्याचा सगळा जोर जुन्या भिंतीवर येणार. सैल सोडल्या तर त्या कोसळणार. म्हणून मध्ये निटिनॉलच्या तारांची उपकरणं बसवली. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की या धातूची स्फटिकरचना बदलते. तार लांबते, पण भिंतीवरचा जोर फारसा वाढत नाही. ताण गेला की तार पूर्ववत.

खरी परीक्षा झाली त्रिन्यानो गावच्या घंटाघराची. १९९६ च्या भूकंपात ते खिळखिळं झालं होतं. १९९९ मध्ये त्याच्या चार कोपऱ्यांत निटिनॉल जोडलेल्या पोलादी सळया घातल्या. जून २००० मध्ये त्याच भागात पुन्हा धक्का बसला. घंटाघराला काहीच झालं नाही! धक्का किंचित लहान होता, मान्य. पण असिसीतले ते चौघे आत गेले होते, ते नेमकं हेच तपासायला ना, की पुढचा धक्का ही इमारत सोसेल का?