सुवर्णनाण्यांचे छायाचित्रण आणि रंगाचा पुरावा : गुप्तकालीन नाण्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
प्राचीन भारताच्या आर्थिक इतिहासाचे नाणी हे महत्त्वाचे साधन आहे. परंतु बहुसंख्य अभ्यासकांना मूळ नाणे हाताळता येत नाही. त्यांची भिस्त छायाचित्रांवर असते. म्हणून छायाचित्रातील रंग पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावा, याचा विचार आवश्यक ठरतो.

रंगाचे ऐतिहासिक मूल्य :
समुद्रगुप्ताच्या दीनारांतील सोने उच्च प्रतीचे होते. स्कंदगुप्ताच्या काळात सुमारे ९.२ ग्रॅम वजनाची जड नाणी पाडली गेली; मात्र त्यांतील सोन्याचे प्रमाण घटले. विष्णुगुप्तापर्यंत ते निम्म्याच्या आसपास आले. चांदीच्या मिश्रणाने सोने फिकट, तर तांब्याच्या मिश्रणाने लालसर दिसते. अर्थात, नाण्याचा रंग राज्याच्या आर्थिक स्थितीकडे निर्देश करू शकतो.

छायाचित्रणातील अडचणी :
छायाचित्रणाच्या आरंभीच्या काचपट्ट्या मुख्यतः निळ्या प्रकाशास संवेदनशील होत्या. सोने निळा प्रकाश शोषून घेत असल्याने त्यांवर ते काळपट उमटे. १८७३ मध्ये हर्मान फोगेल यांनी रंजकद्रव्यांच्या साहाय्याने ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग दाखविला. संग्रहालयांच्या सूचिग्रंथांसाठी प्लास्टरच्या ठशांची छायाचित्रे घेण्याचीही प्रथा होती. त्यामुळे लेख व आकृती स्पष्ट झाल्या, पण धातूचा रंग नाहीसा झाला.

डिजिटल कॅमेऱ्याने वेगळीच अडचण निर्माण केली. चौकट पिवळ्या नाण्याने व्यापली की स्वयंचलित रंगसंतुलन त्या पिवळेपणास प्रकाशाचा दोष समजून निळी छटा वाढवू शकते. परिणामी शुद्ध सोनेही भेसळीच्या सोन्यासारखे फिकट दिसते व अभ्यासकाची दिशाभूल होते.

उपाययोजना :
नाण्याच्या जागी त्याच प्रकाशात तटस्थ करडे पत्रक ठेवून रंगसंतुलन निश्चित करावे. एकाच प्रकारचा प्रकाशस्रोत वापरावा. चकचकीत धातूत परिसराचे प्रतिबिंब पडत असल्याने भोवती रंगीत वस्तू नसाव्यात. १९४६ मध्ये बयाना येथे सापडलेल्या व डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९५४ मध्ये सूचिबद्ध केलेल्या निधीसारख्या संचात अनेक राजांची नाणी एकत्र आढळतात. अशा नाण्यांची छायाचित्रे समान प्रकाशातच घ्यावीत. अन्यथा त्यांची तुलना निरर्थक ठरते.

निष्कर्ष :
रंग हा शुद्धतेचा अंतिम निकष नव्हे. पृष्ठभागावरील सोने आतील धातूपेक्षा शुद्ध असू शकते. त्यासाठी विशिष्ट गुरुत्वासारखी चाचणी आवश्यक असते. तथापि, कोणत्या नाण्याची चाचणी करावी हे सुचविण्याचे सामर्थ्य रंगात आहे. त्यामुळे छायाचित्रासोबत प्रकाशाची व रंगसंतुलनाची नोंद देणे हा नाणकशास्त्रीय शिस्तीचाच भाग मानला पाहिजे.