चार्ल्स राजाला नेमकं कशाने मारलं?

मुंबई हुंड्यात गेली हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलंय. पोर्तुगालच्या कॅथरिनशी लग्न ठरलं आणि १६६१ च्या तहाने मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मिळाली. त्याने ती १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. झालं, धडा संपला. पण हा जावई मेला कसा, ते कुणी सांगत नाही.

हा शिवाजी महाराजांच्याच वयाचा, जन्म १६३० चा. २ फेब्रुवारी १६८५, सोमवारची सकाळ. व्हाइटहॉल राजवाड्यात दाढी करून घ्यायच्या वेळी त्याला अचानक झटका आला. डॉक्टर एडमंड किंगने लगेच शीर कापून १६ औंस, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर रक्त काढलं. मग डझनभर वैद्य जमले. खांद्यातून अजून ८ औंस रक्त, ओकारीचं औषध, जुलाब, एनिमा, डोकं भादरून त्यावर फोड आणणारे लेप, पायाला कबुतराच्या विष्ठेचा लेप, आणि शेवटी माणसाच्या कवटीचा अर्क! चार दिवस हे चाललं. ६ तारखेला दुपारच्या सुमारास राजा सुटला. वय ५४.

आता कारण काय? त्या काळी निदान झालं पक्षाघाताचं. संशय मात्र विषाचा. मॉन्मथ या त्याच्या अनौरस मुलाने त्याच वर्षी बंड केलं, तेव्हा काका जेम्सने राजाला विष दिलं असा जाहीर आरोप केला. बंड फसलं, मॉन्मथचं मुंडकं उडालं. विषाचा पुरावा कधीच मिळाला नाही.

गंमत म्हणजे राजवाड्यात विष खरंच होतं. चार्ल्सला रसायनांचा नाद. स्वतःच्या प्रयोगशाळेत तो पारा उकळत बसायचा. पाऱ्याची वाफ मेंदू आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवते. दुसरा तर्क असा की मूत्रपिंडं आधीच निकामी होत होती आणि रक्तात साठलेल्या घाणीमुळे झटके आले. मला हा जास्त पटतो. कारण अशा माणसाचं रक्त काढलं, वर जुलाब आणि ओकाऱ्या करवल्या, की शरीरातलं पाणी कमी होतं आणि उरलंसुरलं मूत्रपिंडही बसतं. म्हणजे मूळ आजार काहीही असो, उपचारांनी तो नक्कीच वाढवला.

वैद्यांना हसणं सोपं आहे. पण राजा मरतोय, सगळा दरबार बघतोय, बाहेर विषाची कुजबुज... अशा वेळी "काही करू नका, थांबू या" म्हणायची हिंमत कुणात असते? सर्व्हर बंद पडल्यावर मागे साहेब उभे असतील, तर आपणही काहीतरी बदलतोच ना :)

एक मात्र त्यांनी चोख केलं. चार्ल्स स्कारबर्ग या वैद्याने उपचारांची सगळी नोंद लिहून ठेवली. म्हणून तर आज आपण त्यांच्या चुका काढू शकतो.