कल्पित ग्रंथालयांचे गूढ : बोर्हेस आणि इको यांच्या संदर्भात

कथात्म साहित्यातील अफाट व गूढ ग्रंथालयांच्या आकर्षणाचे मूळ बहुधा अलेक्झांड्रियाच्या नष्ट झालेल्या संग्रहात शोधले जाते. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. त्या संग्रहाविषयीचे प्राचीन लेखकांचे आकडेही परस्परांशी जुळत नाहीत. एकोणिसाव्या शतकात ग्रंथालयांच्या रचनेत झालेला बदल या संदर्भात अधिक महत्त्वाचा वाटतो. पूर्वी भिंतीलगतच्या कपाटांतील ग्रंथ वाचकाच्या नजरेसमोर असत. १८५७ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे वर्तुळाकार वाचनदालन खुले झाले, तेव्हा मुख्य संग्रह त्याभोवतीच्या लोखंडी कोठारांत गेला. वाचकाने मागणीपत्र द्यावे आणि अदृश्य ठिकाणाहून ग्रंथ येण्याची वाट पाहावी, अशी ही व्यवस्था होती. ग्रंथ वाढले, पण ते नजरेआड झाले.

या अनुभवाला गणिताची जोड दिली ती कुर्ड लास्वित्स या जर्मन लेखकाने. गोथा येथे अध्यापन करणाऱ्या लास्वित्सने १९०४ च्या एका कथेत अक्षरांच्या सर्व संभाव्य जुळण्यांचे ग्रंथालय कल्पिले. त्याचा सूर घरगुती गप्पांचा, काहीसा विनोदी आहे. अर्जेंटिनाचे लेखक होर्हे लुइस बोर्हेस यांनी १९३९ मध्ये ‘सूर’ या नियतकालिकातील लेखात लास्वित्सचे ऋण मान्य केले आणि १९४१ मध्ये ‘बाबेलचे ग्रंथालय’ ही कथा प्रसिद्ध केली. येथे मात्र विनोदाची जागा भयाने घेतली आहे. प्रत्येक ग्रंथ ४१० पृष्ठांचा, प्रत्येक पृष्ठावर ४० ओळी, ओळीत सुमारे ८० अक्षरे आणि एकूण चिन्हे २५. या हिशेबाने ग्रंथांची संख्या लिहायची झाल्यास ती १८ लाखांहून अधिक अंकांची होते. जे लिहिता येईल ते सर्व तेथे आहे. म्हणूनच हवे ते सापडण्याची आशा जवळजवळ शून्य आहे.

ही कथा केवळ तत्त्वचिंतनातून जन्मली, असे मानणे योग्य नाही. १९३८ च्या सुमारास बोर्हेस ब्युनोस आयरिसमधील मिगेल काने या नगरपालिकेच्या ग्रंथालयात साहाय्यक म्हणून रुजू झाले. संग्रह लहान, कर्मचारी गरजेपेक्षा कितीतरी अधिक. पहिल्याच दिवशी त्यांनी शेकडो ग्रंथांच्या नोंदी केल्या, तेव्हा इतका वेग सहकाऱ्यांना अडचणीचा ठरतो, अशी समज त्यांना देण्यात आली. तासाभरात काम उरकून ते उरलेला वेळ तळघरात वाचनलेखनात घालवीत. एका सहकाऱ्याला विश्वकोशात बोर्हेस यांचे नाव आढळले. नाव आणि जन्मतारीख दोन्ही जुळावीत, याचे त्याला नवल वाटले! आपली कथा म्हणजे त्या ग्रंथालयाचेच दुःस्वप्नवत् विस्तारलेले रूप होय, असे बोर्हेस यांनी पुढे आत्मकथनात नमूद केले. कपाटांच्या आणि ग्रंथांच्या संख्येत समीक्षकांनी गूढार्थ शोधले; प्रत्यक्षात ते आकडे त्यांच्या हाताशी असलेल्या फळ्यांचेच होते. ज्या अनंताने वाचक भारावतो, त्याचे मोजमाप असे एका कंटाळवाण्या नोकरीतून आलेले आहे.

उम्बेर्तो इको यांच्या ‘द नेम ऑफ द रोझ’ (१९८०) या कादंबरीत प्रश्न विपुलतेचा नसून प्रवेशाच्या अधिकाराचा आहे. १३२७ मधील इटालियन मठाच्या चक्रव्यूहासारख्या ग्रंथालयात ग्रंथपाल आणि त्याचा साहाय्यक यांनाच जाता येते. हास्याविषयीचा ॲरिस्टॉटलचा लुप्त ग्रंथ कोणी वाचू नये म्हणून तेथे माणसे मरतात आणि अखेरीस सारे जळून जाते. इतिहासाच्या दृष्टीने या संग्रहाचा विस्तार अतिशयोक्त आहे. १३३८ च्या सूचीनुसार सोरबोनसारख्या नामांकित विद्यापीठीय संस्थेकडेही सुमारे १७०० ग्रंथ होते. भय मात्र कल्पित नाही. ज्ञान जपणाराच ते दडपू शकतो, हे मध्ययुगापुरते मर्यादित नाही. कादंबरीतील अंध होर्हेच्या रूपाने आपण बोर्हेस यांचे ऋण फेडले, हे इकोंनी स्वतः सांगितले आहे.

प्रत्यक्ष बोर्हेस यांचे प्राक्तन कथेहून विलक्षण ठरले. १९४६ मध्ये पेरॉन राजवटीत त्यांना ती नोकरी सोडावी लागली; पेरॉन पदच्युत झाल्यावर १९५५ मध्ये ते राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक झाले आणि १९७३ पर्यंत त्या पदावर राहिले. तोवर त्यांची वाचनाची दृष्टी गेली होती. मार्मोल आणि ग्रुसाक हे त्यांचे दोन पूर्वसूरीही याच पदावर असताना अंध झाले होते. ज्या वास्तूत ते बसत, ती मुळात राष्ट्रीय सोडतीच्या कार्यालयासाठी बांधण्यात आली होती.