मिडलंड ग्रँड हॉटेल

बोरीबंदरचे मनोरे ज्यांनीं न्याहाळले आहेत, त्यांस लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरील ही लाल विटांची इमारत अगदींच परकी वाटणार नाहीं. १८६८ पर्यंत मिडलंड रेल्वेला राजधानींत स्वतःचें प्रवासी स्थानक नव्हतें. दुसऱ्या कंपनीच्या दारीं गाड्या उभ्या कराव्या लागत. हा कमीपणा धुऊन काढण्याच्या ईर्षेनेंच की काय, हॉटेलासाठीं आलेल्या अकरा नकाशांपैकीं जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा सर्वांत खर्चिक नकाशा तिनें पसंत केला. १८७३ सालीं हॉटेल उघडलें. खोल्या सुमारें ३००, आणि न्हाणीघरें बोटांवर मोजण्याइतकीं! ऊन पाणी व कोळसा नोकर खोल्याखोल्यांतून वाहून नेत, आणि यांत कोणास कांहीं उणें वाटत नसे. पुढें खोलीगणिक नळ हवा झाला, तेव्हां आगीच्या भयानें भक्कम केलेले मजलेच आडवे आले. १९३५ सालीं हॉटेल बंद पडून तेथें रेल्वेच्या कचेऱ्या थाटल्या गेल्या. कचेऱ्यांनीं त्या वास्तूची कळा घालविली असें म्हणतात. आम्हांस वाटतें, कारकुनांचा वावर नसता तर ती तेव्हांच जमीनदोस्त झाली असती. १९६६ च्या सुमारास पाडण्याचा बेत निघालाच होता. परंतु लोकांनीं ओरड केली व १९६७ सालीं सरकारनें तिला संरक्षण दिलें. २०११ मध्यें तेथें पुन्हां हॉटेल सुरू झालें, आणि या खेपेस खोलीगणिक न्हाणीघर आहे.