जुन्या लॅपटॉपमध्ये अडकलेली मराठी

जुने लॅपटॉप शोधून पुन्हा चालू करायचा छंद जगभर आहे. सुरुवात साधारण ऑस्बोर्न १ पासून धरतात. १९८१ चं मशीन, वजन ११ किलोच्या आसपास, पडदा ५ इंची आणि आत बॅटरीच नाही! सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये तो उचलून चढून दाखवावं कोणी. त्याचा कर्ता ॲडम ऑस्बोर्न लहानपणी तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला वाढला होता.

बाहेर हा छंद बहुतेक आठवणींसाठी चालतो. कोणाला १९९२ च्या थिंकपॅडचं लाल बटण आवडतं, कोणाला जुने गेम. आपल्याकडे मात्र त्याला एक जास्त गंभीर कारण आहे, ते म्हणजे आपला मजकूर.

आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेलं जिस्ट कार्ड डेस्कटॉपच्या आत स्लॉटमध्ये बसायचं. लॅपटॉपला तसा स्लॉट नसायचा. त्यामुळे लॅपटॉपवर मराठी आली ती मुख्यतः विंडोजच्या फॉन्टमधून. आणि घोळ इथेच आहे. अशा फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा. त्यात काना, वेलांटी, अर्धी अक्षरं असे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले. म्हणजे फाइलमध्ये खरं तर मराठी नसतेच, नुसते आकडे असतात. मराठी दिसते ती फॉन्टमुळे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, पण विंडोजमध्ये ती नीट यायला विंडोज २००० उजाडलं. डीटीपीवाले तर त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टवर काम करत राहिले.

डोंबिवलीत पूर्वी डीटीपी करणाऱ्या एका काकांकडे विंडोज ९८ चा लॅपटॉप होता. तो सुरू व्हायला बटणाएवढा एक सेल बदलावा लागला, बस. त्यातली एक स्मरणिका माझ्या मशीनवर उघडली तर नुसती गिचमिड, त्यांच्या पडद्यावर मात्र स्वच्छ मराठी. काही पॅकेजेसना तर प्रिंटरच्या पोर्टला लावायचं लॉक लागायचं, आणि आजच्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही.

तुमच्या माळ्यावर असं मशीन असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी कागदपत्रांबरोबर विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डरही कॉपी करून घ्या. फॉन्ट हाती असला की कोणत्या आकड्याला कोणता तुकडा हे ताडून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. वेळखाऊ आहे, पण जमतं.